आईची मान

आई फोटोला कधीच तयार नसायची. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी पिंपरीला कंपनीत होतो आणि सुट्टी मिळाली की आमच्या आख्ख्या चऱ्होली गावाच्या लग्नं-बारशांचे फोटो काढायचो. पण घरात कॅमेरा उघडला की ही तोंडावर पदर घेऊन चुलीकडे वळायची. वडील मी लहान असतानाच गेले, त्यांचा एकही फोटो नाही. त्यांचा चेहरा मला आठवत नाही. निदान आईचा तरी असावा, एवढंच माझं मागणं होतं.

पुढे तिची मान हलायला लागली. बसली, बोलली, जेवली तरी मान आपली ‘नाही, नाही’ म्हणत राहायची. त्यात पोटात गाठ निघाली. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तिला कसं कळलं देव जाणे, पण त्याच आठवड्यात म्हणाली, “काढ रं माजा येक फोटू. आता आयुष्य कमी व्हऊन व्हऊन किती व्हनार?”

आणि नेमका माझा कॅमेरा दुरुस्तीला! असलं करंटं नशीब कुणाच्या वाट्याला येऊ नये.

तो म्हणजे छातीशी धरून वरून आत बघायचा, दोन भिंगांचा जुना जर्मन कॅमेरा. त्याचं शटर इतकं चपळ की उडती चिमणीसुद्धा फोटोत जागेवर थांबायची. आईची मान थांबवायला तोच हवा होता. पण शटर अडकलं, म्हणून पुण्याला कॅम्पातल्या कारागिराकडे दिलेला. मी शनिवारी गेलो की तो म्हणायचा, “मुंबईहून स्प्रिंग यायचीय, राव. पुढच्या शनिवारी नक्की.” नक्की म्हणे! आळंदीच्या फोटोवाल्याला बोलावलं, तर त्याची लग्नसराई.

शेवटी खात्यातल्या एका मित्राचा डबा कॅमेरा आणला. एक भिंग, शटरचा एकच वेग, तोही संथ, फ्लॅशची सोय नाही. आईला उचलून अंगणात उन्हात बसवलं. डोकं भिंतीला टेकवलं, तरी मान हलतेच. बहिणीनं मागून हनुवटी धरली, तर तिचाच हात हलायला लागला. आई वैतागून म्हणाली, “सोड गं, मी काय बैल हाय व्हय?”

फोटो धुऊन आले. लुगड्याचे काठ, मांडीवरचे हात, भिंतीतला खिळा, सगळं लख्ख. चेहऱ्यावरून मात्र कुणी पिठाचा हात फिरवावा तसं झालेलं. मेहुण्यांचा साधा कॅमेरा आणला, त्यातही तेच. आईनं फोटो डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, “ही कोन?” मी म्हटलं, धुताना बिघडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती गेली तेव्हाही कॅमेरा कॅम्पातच होता. आमच्याकडे मेलेल्या माणसाला खुर्चीवर बसवून, हार घालून शेवटचा फोटो काढतात. चुलते म्हणाले, “काढ बाबा, नेण्याआधी.” मी तोच डबा उचलला. स्टुलावर ठेवून खटका दाबला.

तो फोटो स्पष्ट आला. पापणीचा केस न् केस दिसत होता. फोटोवाल्यानं मोठा करून, मिटलेल्या डोळ्यांवर रंगानं उघडे डोळे काढून दिले. तेव्हा सगळेच तसं करून घ्यायचे. कॅमेरा तेराव्यानंतर आला. घड्याळासारखा चालतोय म्हणाला कारागीर. मी त्यात रोल भरला नाही.

फ्रेम भिंतीला लावली तशी माणसं म्हणायला लागली, काय जिवंत आलाय फोटो! सगळे गेल्यावर बहिणीनं मला विचारलं, “दादा, आई कधी अशी गप बसली व्हती का रे?”