मयेकर सरांचं बंदर

मयेकर सर फळ्यावर महाराष्ट्र काढायला घेत ते नेहमी राजापूरच्या खाडीपासून. आधी समुद्राकडचं तोंड, मग आत वळत गेलेलं पाणी. उरलेल्या महाराष्ट्राला पुष्कळदा जागाच उरत नसे. पारनेरला आम्ही एकाच शाळेत शिकवायचो आणि एकाच खोलीत राहायचो. मी मराठीचा, ते भूगोलाचे.

"घाटावरनं बैलांच्या पाठीवर हळद, तंबाखू, गूळ उतरायचा," ते सांगत. "आमच्याकडनं मीठ, खोबरं, सुकी मासळी वर जायची. इंग्रजांनी वखार उगाच नाही घातली तिथे! पण डोंगर उघडे पडले, माती खाली आली आणि खाडी भरली. बंदर शत्रू मारत नाही हो, गाळ मारतो."

त्यांचे वडील तांडेल होते. घरचं गलबत चालवून म्हातारे झालेले. धंदा बसल्यावर गलबत धक्क्याशी चिखलात रुतून होतं, पण ते विकायचं नाही, असा त्यांचा हट्ट. सर पगारातून त्याच्या डागडुजीला पैसे पाठवत.

बहात्तरच्या दुष्काळात वर्ग ओस पडले. मुलं आईबापांबरोबर खडी फोडायला जात. एकदा एक पालक सरांना म्हणाला, "मास्तर, तुमच्याकडं पानी रोज येतं अन् माघारी जातं म्हनं. कुनी आडवीत न्हाई व्हय?"

"खारं असतं ते."

"मंग आमच्या आभाळावानीच की. नुस्तं बघायचं."

सर हसले नाहीत.

त्या उन्हाळ्यात ते घरी गेले आणि परतले ते डोकं भादरून. मग सगळं सांगितलं. धाकट्या भावानं गलबत मोडून सागवान लाकूडवाल्याला विकलं होतं. वडिलांची नजर गेलेली. त्यांना सांगितलं होतं, गलबत मालवणला माल घेऊन गेलंय. म्हातारा ओटीवर पडून रोज विचारी, "तांडेल कोण हाय रे?" सर एकेक नाव घेत. शेवटच्या दिवशी वडील म्हणाले, "भरती लागली. आता येतील."

"आणि मी 'होय' म्हटलं," सर म्हणाले.

पुढच्या वर्षी भाऊ पारनेरला आला. सरांनी त्याला घागरीतलं पाणी दिलं, पिठलं-भाकरी वाढली.

"अण्णा, लाकूड कुजतच होतं. आता घराकडे चल."

"जेव," सर म्हणाले. दुपारच्या एस्टीत त्यांनी त्याला बसवून दिलं. नंतर ते कधी कोकणात गेले नाहीत. बंदरांचा धडा आला की मुलांना म्हणत, "घरी वाचा."

कावीळ होऊन ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मी विचारलं, "भावाला कळवू?"

"कळवा. पण माझी राख खाडीत नको म्हणावं. आधीच गाळ फार झालाय."

मी तार केली. भाऊ आला नाही. राख आम्ही नेवाशाला प्रवरेत सोडली. नदीला पाणी गुडघाभरही नव्हतं.