मराठीत पुकारलेल्या चाली

वेल्समध्ये, कार्डिफजवळच्या एका छोट्या कॉलेजात मी बरीच वर्षं अमेरिकन फुटबॉल शिकवला, आणि त्या कॉलेजबद्दल मला आज काडीचंही प्रेम नाही. सगळा रग्बीचा मुलूख. मैदान रग्बीवाल्यांचं, दिवे रग्बीवाल्यांचे, आमच्या वाट्याला उरलेला चिखल. दिवसा आयटीतली नोकरी, संध्याकाळी फुकटची कोचगिरी. मँचेस्टरला शिकताना हा खेळ अंगात भिनला होता, म्हणून सगळं सहन केलं.

या खेळात चाल सुरू होण्याआधी क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, ती ओरडून आपल्या संघाला सांगतो. समोरच्यांनाही ऐकू जातं, म्हणून जो तो सांकेतिक शब्द वापरतो. मी आमचे मराठी ठेवले. ‘उजवीकडे’, ‘डावीकडे’, ‘मधून’, ‘लांब’. वेल्श पोरांच्या तोंडून ते ऐकताना हसू यायचं, पण समोरचे पार गोंधळायचे. आम्ही जिंकायला लागलो.

तिथे कोच कोण, हे दरवर्षी खेळाडूच हात वर करून ठरवतात. शुद्ध मूर्खपणा. एका वर्षी नवा कॅप्टन, जो आमचा क्वार्टरबॅकही होता, म्हणाला, “नो ऑफेन्स, कोच, पण आम्हाला एक खरा अमेरिकन मिळालाय.” खरा! मी काय इतकी वर्षं लगोरी शिकवत होतो? सगळे हात वर गेले. ज्यांना बॉल धरायला मी शिकवलं, त्यांचेही. माझं डोकं सणकलं. घरी येऊन बायकोला म्हणालो, “आता त्या मैदानावर पाऊल ठेवीन ते यांना हरवायलाच.”

शेजारच्या कॉलेजनं मला घेतलं. जुन्या संघाशी सामना ठरल्यावर मी नव्या पोरांकडून तेच मराठी शब्द घोटून घेतले. त्या अमेरिकनाला नवे शब्द बसवायचा कंटाळा येणार, आणि पोरांना जुने म्हणजे क्लबची परंपरा वाटणार, याची मला खात्री होती. माणूस हाकलला, शब्द ठेवून घेतले.

झालंही तसंच. “डावीकडे!” कॅप्टन ओरडला, आणि बॉल हलताक्षणी माझी सगळी पोरं त्याच बाजूला तुटून पडली. “मधून!” म्हणाला, तर मधे भिंत उभी. त्यांचा अमेरिकन टोपी आपटत होता. मी मनसोक्त हसलो.

आम्ही जिंकलो. चिखलानं माखलेला कॅप्टन माझ्याकडे आला आणि रीतीप्रमाणे त्यानं हात पुढे केला. “नॉट फेअर, कोच. ते आमचे शब्द होते.”

“माझ्या आईनं शिकवलेत ते मला,” मी म्हणालो. माझे हात खिशातच राहिले.