गाडीच्या दारावरच्या रेघा

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरात वॉकर आला. तो डिकीत ठेवायचा नाही, घडी करून पायाशीच हवा, हा त्यांचा हट्ट. आत-बाहेर करताना त्याच्या कडा घासून गाडीच्या दाराच्या आतल्या काळ्या प्लास्टिकवर आणि समोरच्या कप्प्यावर पांढऱ्या रेघा उठल्या. नवऱ्यानं फक्त रेघांवरून बोट फिरवलं, आणि ते सासूबाईंनी पाहिलं.

झालं, दुसऱ्या दिवसापासून फिजिओथेरपी बंद. "माझ्यापायी नवी गाडी कशाला खराब? घरीच करते व्यायाम. सुम्मने पेट्रोल जाळायचं." सुम्मने म्हणजे उगीच. त्यांच्या चार पिढ्या म्हैसुरात गेल्या, मराठीला कानडी फोडणी असायचीच. मी सांगलीची, तोंडानं फटकळ. "घरी कसला व्यायाम? पाय लांब करून मालिका बघता," मी सुनावलं. पण त्या ऐकतील तर शपथ. आता गुडघा वाकवला नाही तर कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमची सगळी बोगादी वस्ती पायी पालथी घालणारी ही बाई खुर्चीला खिळलेली मला बघवत नव्हती.

शेजारचे काका इथल्या हेब्बाळच्या प्लास्टिकच्या कारखान्यात आहेत. त्यांच्याकडून गरम हवेचं मशीन आणलं. प्लास्टिकला ऊब लागली की वरवरच्या रेघा बुजतात, म्हणाले. नवरा ऑफिसला गेल्यावर मी अंगणात वायर ओढली, दार साबणाच्या पाण्यानं पुसून कोरडं केलं आणि मशीन लावलं. दोन रेघा खरंच गेल्या. मी खूश होऊन तिसरीवर मशीन धरून बसले, तर तिथं चकचकीत डाग पडला.

"अय्यो, एकाच जागी काय धरतेस?" व्हरांड्यातल्या खुर्चीतून आवाज आला. "पापड असा भाजतात काय? हात हलता पाहिजे."

"एवढं कळतंय तर या की."

"येतेच."

वॉकर टेकत आल्या. पुढच्या सीटवर आडव्या बसल्या, पाय बाहेर, आणि माझ्या हातातून मशीन घेतलं. निखाऱ्यावर पापड फिरवावा तसा हात फिरत होता. पांढऱ्या रेघा करड्या झाल्या, मग काळ्या. एक खोल होती, ती तेवढी राहिली.

"समोरच्या कप्प्यावरही आहेत," मी म्हटलं, "पण असं बसून तुमचा हात पुरायचा नाही."

त्यांनी एक पाय आत घेतला. दुसरा दोन्ही हातांनी उचलला, ओठ घट्ट मिटून. गुडघा वाकला. मी वायरचा गुंता सोडवत बसले.

कप्पा झाला. मी मशीन बंद करून पायरीवर ठेवलं, वॉकर त्यांच्या पायाशी दिला, दार लावलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

"कुठं?"

"व्यायामाला."

"पायात घरातली चप्पल आहे माझ्या."

"तिथं काढूनच ठेवायची असते."

त्यांनी पट्टा ओढून लावला. पोचल्यावर उतरताना वॉकर दाराला घासला. ऐन मध्यावर नवी पांढरी रेघ. मला वाटलं, आता ही बाई पुन्हा गाडीत बसायची नाही. त्यांनी पदरानं रेघ पुसून पाहिली. गेली नाही.

"ते मशीन," त्या म्हणाल्या, "इतक्यात परत देऊ नकोस."