अवचितगडाच्या पायथ्याचं पान

प्रिय ईशा आणि नील,

स्लोव्हाकियातल्या त्या किल्ल्याच्या गावाचे फोटो पोचले. फरसबंद चौक, वर नीटनेटका किल्ला, तिकीट, माहितीचा फलक... नीलने विचारलंय, "आजी, रोह्याला असं काही आहे का?" आहे. अवचितगड. शिलाहारांच्या वेळचा म्हणतात, नंतर निजामशाहीकडे, मग महाराजांकडे. तिथली एक गोष्ट मी तुमच्या आईलाही सांगितलेली नाही. परवा शैलामावशी म्हणाली, "बाई, आता पोरांना लिहाच."

आधीच सांगते — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पेणहून लग्न होऊन आले, रोह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, आणि विश्वास ठेवला तो हजेरीपुस्तकावर.

तुमच्या आईच्या जन्माआधीची गोष्ट. दिवाळीनंतर नववीच्या अकरा मुलींना घेऊन मी गडावर निघाले. शैला त्यातलीच एक. पायथ्याशी तिथल्याच वाडीतली पारूबाई गवताचे भारे बांधत होती. वाटेकडेला एक चपटा दगड होता. ती म्हणाली, "पोरींनो, सागाचं एकेक पान दगडाखाली ठेवा. उतरताना आपापलं काढून घ्या. म्हंजे वर कोण ऱ्हायलं ते कळतं."

"माझ्याकडे यादी आहे," मी म्हणाले.

"यादी तुला गो बाय. गडाला वाचता येतं व्हय?"

मुली खिदळल्या. दहा जणींनी पानं ठेवली. शैला मात्र हाताची घडी घालून माझ्याशेजारी उभी. "बाई ठेवत नाहीत, तर मीही नाही." मला तेव्हा तिचं कौतुकच वाटलं!

गड पाहिला. बुरूज, गवतातली तोफ, पाण्याची टाकी. तलावाकाठी उंबराच्या सावलीत डबे खाल्ले. निघताना मी डोकी मोजली — अकरा. यादीवर खूण केली. घाईत कुणाला तरी दोनदा मोजलं असणार. ही चूक माझी, त्यात गूढ काही नाही.

खाली पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मुलींनी भराभर पानं उचलली. दहा. दगडाखाली काहीच उरायला नको होतं. पण एक पान उरलं... उंबराचं. ओलं.

"हे तुम्ही ठेवलंत?" मी पारूबाईला विचारलं.

"मी कशाला ठेवू? सकाळपासून हितंच बसलेय. वरनं कुणी आलं पण नाय." तिने मुलींवरून नजर फिरवली. "बाय, तुझी एक पोर वर हाय."

मी यादी काढून नावं घ्यायला लागले. "शैला?"... मुली मागे-पुढे वळून बघायला लागल्या. पुढच्या मुलींना वाटलं ती मागे आहे, मागच्यांना वाटलं पुढे.

मुलींना तिथेच बसवलं. पारूबाईने विळा कमरेला खोचला आणि माझ्यापुढे चढायला लागली. मी पन्नाशीच्या त्या बाईच्या मागे धापा टाकत होते.

शैला तलावात होती. हात धुताना पाय घसरलेला, घोटा मुरगळलेला, गळ्यापर्यंत पाणी, आणि हातात उंबराची एक मुळी. ओरडून ओरडून आवाज बसला होता. पारूबाईने लुगड्याचा पदर पाण्यात सोडला, शैलाने तो धरला आणि आम्ही दोघींनी तिला वर ओढलं. "हात सुटत आला होता, बाई," एवढंच ती बोलली.

ते पान तिथे कसं आलं? शैलाने पान ठेवलेलंच नव्हतं, मी शेजारी होते. वारा म्हणावा, तर वारा दगड उचलत नाही. मी पारूबाईला पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी ती वैतागली. "पोर मिळाली ना? मग आता गप बस गो!"

उत्तर आजही नाही. कुणाचे आभार मानायचे ते ठाऊक नसताना रोज मानते.

तर नील, रोह्याला काय आहे? बुरूज ढासळत चाललेत. पारूबाई गेली. पान मी हजेरीपुस्तकात ठेवलं होतं, त्याचा चुरा झाला. तलाव आहे, तोफ आहे. आणि शैला आहे — जवळच्याच वरसे गावात राहते, दर गुरुवारी माझ्यासाठी वालाचं बिरडं घेऊन येते.

— आजी