ब्रेक बदलले तेव्हा

घाटकोपरचा पूल उतरताना गाडीच्या पुढच्या चाकांतून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. शेजारच्या सीटवर नवरा होता. मान पट्ट्याने टेकूला बांधलेली. त्याने डोळे माझ्याकडे फिरवले, आणि मला कळलं की त्यालाही तो आवाज ऐकू आलाय.

त्याचे स्नायू एकेक करून निकामी होत चालले होते. आधी हात गेले, मग पाय, मग बोलणं. शिल्लक राहिले डोळे. एकदा मिटले की ‘हो’, नुसते उघडे राहिले की ‘नाही’. आठवड्यातून दोनदा मी त्याला मुलुंडहून घाटकोपरला व्यायामाच्या उपचारासाठी नेत होते. वॉचमन आणि खालच्या मजल्यावरचे काका मिळून त्याला व्हीलचेअरवरून गाडीत बसवायचे.

गाडीचं सगळं तोच बघायचा. मी फक्त चालवायचे. त्यामुळे भांडुपच्या मेकॅनिकने चाक काढून मला खाली वाकून बघायला लावलं, तेव्हा काय बघायचं तेही मला ठाऊक नव्हतं.

“ताई, ब्रेकचे पॅड संपलेत. ते दाबतात त्या डिस्कवर बोट फिरवा, खाचा लागतील. नुसते पॅड घालून भागणार नाही, दोन्ही बदला. कंपनीचं घ्यायचं की बाहेरचं, ते साहेबांना विचारा.”

साहेबांची तब्येत त्याला माहीत नव्हती. “विचारते,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुर्ल्याच्या स्पेअर पार्टच्या बाजारात गेले. दुकानदाराने काउंटरवर चार खोके मांडले. एक कंपनीचे पॅड, एक बाहेरचे, एक चाकांवर काळी धूळ न सोडणारे, आणि एक जे आवाज करतात पण चालून जातात. डिस्कही दोन प्रकारच्या. मी विचारलं, यांत चांगलं कुठलं? तो म्हणाला, “मॅडम, वो तो आप पे है. गाडी कितने साल रखना है?”

साधाच प्रश्न होता. मागे गिऱ्हाइकं उभी होती, कोणीतरी हातातला फिल्टर काउंटरवर आपटत होतं, आणि मी खोक्यांवरची अक्षरं वाचत असल्यासारखी उभी राहिले. शेवटी खोक्यांचे फोटो काढले आणि घरी आले.

नवऱ्याच्या समोर मोबाइल धरला. पूर्वी असल्या गोष्टीवर त्याचा अख्खा रविवार गेला असता.

“कंपनीचे घेऊ?”

डोळे उघडेच.

“मग बाहेरचे? धूळ न होणारे?”

उघडेच. मोबाइलकडे त्याचं लक्षच नव्हतं, तो माझ्याकडे बघत होता. मी डिस्कचे फोटो दाखवले, तरी तेच. मग माझा आवाज चढला. “अरे, मग काय करू? सांग ना. ब्रेक नसलेली गाडी चालवू?”

त्याच्या डोळ्यांत पाणी जमा झालं. पुसायला त्याला हात नव्हते, मी पुसलं. मग जे विचारायचं नव्हतं तेच विचारलं. “गाडी विकू म्हणतोस?”

त्याने डोळे मिटले. बराच वेळ मिटूनच ठेवले.

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. रडूसुद्धा आलं नाही. त्याने मनातल्या मनात आवराआवर सुरू केली होती, आणि मी अजून कुठला पॅड जास्त टिकेल ते विचारत होते.

गाडी मी विकली नाही. पुन्हा कुर्ल्याला जाऊन कंपनीचे पॅड आणि कंपनीच्याच डिस्क घेतल्या. दुकानदाराला म्हटलं, “बहुत साल रखना है.” तो मान हलवून बिल करायला लागला.

नवे ब्रेक बसल्यावर मेकॅनिकने बजावलं, “सुरुवातीला जोरात दाबू नका, ताई. पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसायला वेळ लागतो.” त्याप्रमाणे लालबहादूर शास्त्री मार्गाच्या सगळ्या खड्ड्यांतून मी नवऱ्याला हळूहळू घाटकोपरला घेऊन गेले. आवाज अजिबात नव्हता. त्याला म्हटलंसुद्धा, बघ, कशी लोण्यासारखी थांबते. तो समोर बघत होता.

त्या दिवशी उपचार करणाऱ्या बाईंनी मला बाहेर बोलावलं. “आता त्यांना इतक्या लांब आणू नका,” त्या म्हणाल्या. “त्यांना फक्त त्रास होतोय. श्वासाचंही आता जपायला हवं. घरीच असू द्या.”

“थोडे दिवस?” मी विचारलं.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तेव्हापासून गाडी खालीच उभी आहे. त्याला आता श्वासाचं यंत्र लावलंय, आणि आमचा दिवस पलंगाजवळ त्या यंत्राच्या तालावर चालतो. मेकॅनिक म्हणतो, उभ्या गाडीच्या नव्या डिस्कलाही गंज चढतो, अधूनमधून फिरवत जा. म्हणून संध्याकाळी त्याला सांभाळायला ठेवलेली बाई त्याच्याजवळ बसली की मी खाली उतरते, गाडी काढते, बिल्डिंगला एक फेरी मारते आणि फाटकापाशी येऊन ब्रेक दाबते. वॉचमन दरवेळी फाटक उघडायला धावतो. मी काच खाली करून सांगते, नको, बाहेर नाही जायचंय.