डावीकडे ओढणारी गाडी

तीर्थपुरीच्या रस्त्यावर भेटलेल्या त्या मेकॅनिकचं नाव मी विचारलंच नाही. गाडीत बसायच्या आधी त्याने हात असे पुसले, जणू कुणाच्या घरी जेवायला बसायचं होतं.

माझी जुनी गाडी सारखी डावीकडे ओढत होती. चाकांची अलाइनमेंट करूनही फरक पडेना. मागच्या आजारपणात माझा डावा हात लुळा पडला होता, आता कुठे तो सावरत होता. मुलगा म्हणाला, "बाबा, गाडी नाही, तुमचा हात ओढतोय. चालवणं बंद करा." मलाही तसंच वाटायला लागलं होतं. मेकॅनिकला मी हे सगळं सांगून टाकलं.

तो शेजारी बसला. रस्ता मोकळा दिसल्यावर म्हणाला, "साहेब, हळू चालवा. आता दोन्ही हात सोडा."

मी सोडले. गाडी हळूहळू डावीकडे सरकली. त्याने एका बोटाने स्टेअरिंग सरळ केलं.

"हात न्हाई लावला तरी तिकडंच चाल्ली. मंग हाताचा काय कसूर?"

उतरून त्याने पुढच्या दोन्ही चाकांना पालथा हात लावून पाहिला, लेकराचा ताप बघावा तसा. डावं चाक चांगलंच तापलं होतं. "ह्या चाकाचा ब्रेक धरून राह्यला, सुटंना," तो म्हणाला.

त्याने ब्रेक मोकळा केल्यावर त्याच रस्त्यावर मी पुन्हा हात सोडले. गाडी सरळ चालली.

मग त्याने चहा मागवला. भरलेला कप मी मुद्दाम डाव्या हातात घेतला. थोडा सांडला, पण मी हात बदलला नाही.