नकाशात नसलेला ओढा

सकाळी बडोद्याला उतरले तेव्हा सुलभाताई स्वतः स्टेशनावर आल्या होत्या. सांगलीत मी नदीचं पाणी तपासण्याचं काम करते. पाऊस किती, सांडपाणी कुठे मिसळतं, यावरून अख्ख्या खोऱ्यातल्या पाण्याचा अंदाज बांधणारं संगणकाचं मॉडेल त्यांच्याकडून शिकायचं होतं.

समा भागातल्या त्यांच्या घरात चार पिढ्यांची मराठी, पण गुजरातीत मुरलेली. "शांतिथी बेस (निवांत बस), आधी सेवउसळ खा," त्या म्हणाल्या. उसळीवरची लाल तरी इतकी झणझणीत की नाका-डोळ्यांतून पाणी आलं. तरीही मी दुसरी वाटी मागितली.

मॉडेल विश्वामित्री नदीवर छान चालत होतं, एका पुलापाशी मात्र अडत होतं. गणित म्हणे, पाण्यात प्राणवायू पुरेसा आहे. तपासणी म्हणे, जेमतेम. तीन दिवस आकडे उलटसुलट करून पाहिले. आमच्या कृष्णेचा आराखडा मी याच पद्धतीने करणार होते. माझा धीर सुटत चालला.

चौथ्या दिवशी सुलभाताईंना पुलावर थांबवून मी स्वतःच नमुना घ्यायला काठावर उतरले. बाटली बुडवणार, तोच वरून आरोळी आली, "ओ बेन! पाछा आवो! मगर छे!" (ताई, मागे या, मगर आहे!) मी मागे उडी घेतली ती थेट चिखलात. समोर दोन हातांवर एक खरखरीत पाठ वर आली आणि बुडाली.

ओरडणारे रमणकाका तिथे म्हशी चारत होते. त्यांनी हात देऊन मला वर घेतलं, पाणी पाजलं. सुलभाताईंनी आमची अडचण सांगितली, तसे ते हसले. "पेला झाड पाछळ कांस छे. बारे मास काळुं पाणी आवे छे." (त्या झाडांमागे ओढा आहे, बारा महिने काळं पाणी येतं.)

आमच्या नकाशात तो ओढा नव्हताच! त्याचं पाणी तपासून मॉडेलमध्ये घातलं, आणि गणिताची रेघ मोजलेल्या आकड्यांना जाऊन टेकली. सुलभाताई नाचायच्याच बाकी होत्या. आम्ही पेढे घेऊन काठावर गेलो. "एमां शुं?" (त्यात काय एवढं?) म्हणत काकांनी एकच उचलला.

माझा जीव वाचला आणि मॉडेल जुळलं, दोन्ही एका अनोळखी माणसामुळे. घरी आल्यावर पहिल्याच रविवारी वही घेऊन कृष्णेच्या काठाने पायी निघाले. एका वस्तीपाशी धुणं धुणाऱ्या बाईंना विचारलं, "मावशी, इथे नदीत कुठून कुठून पाणी येतं?"

त्यांनी पिळलेलं लुगडं दगडावर ठेवलं.

"एवढ्या वर्षांत इचारायला कोण आलं न्हाई. बसा, सांगते."